अर्ध्या तासाचा गैरसमज

"मग त्यानं इचारलं का न्हाई?"

कुणी रंगात येऊन एखादा किस्सा सांगावा, ऐकणाऱ्यांनी हसायला तोंड उघडावं, आणि नेमकं त्याच वेळी चष्मा कपाळावर सरकवून लेखकसाबांनी हा प्रश्न टाकावा. किस्सा तिथल्या तिथे आडवा व्हायचा. परभणीत स्टेशनरोडच्या हॉटेलात एकदा कापसाच्या एका दलालाने सांगितलं, की त्याचा मेहुणा चुकून भलत्याच मांडवात शिरला, पोटभर जेवला, आहेर करून बाहेर आला, तेव्हा त्याला कळलं की आपल्याला बोलावलेलं लग्न पलीकडच्या गल्लीत आहे. सगळे हसले. लेखकसाबांचा चष्मा वर गेला.

"पंगतीत शेजारच्यानं 'तुमी कुणाकडचे' म्हणून इचारलं आसंल की."

"न्हाई इचारलं," दलाल म्हणाला.

"परभणी जिल्ह्यात? पंगतीत? न्हाई इचारलं?"

दलालाने बशीतला चहा संपवला आणि कबूल केलं, की गोष्ट त्याने ऐकलेली आहे, मेहुणा त्याचा नाही आणि प्रकार बहुधा मुंबईकडचा आहे.

"तिकडं घडत आसंल," लेखकसाब उदारपणे म्हणाले.

तुम्हाला वाटेल, काय रुक्ष माणूस. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. पण हा माणूस विनोद लिहायचा, आणि तोही दर आठवड्याला. दिवसा ते गुरांच्या दवाखान्यात कारकून होते. रेडिओसाठी त्यांनी एक घर उभं केलं होतं: नाना, नानांची बायको, घरजावई आणि भिंतीपलीकडची शेजारीण. पंधरा मिनिटांत या घरात काहीतरी घोटाळा व्हायचा, निस्तरायचा, आणि जाता जाता श्रोत्यांना बीजप्रक्रिया, अल्पबचत किंवा गुरांच्या लसीचं महत्त्व पटायचं. तेव्हा दूरदर्शन म्हणजे काय हे आमच्याकडे ऐकूनच माहीत होतं. ट्रान्झिस्टर मात्र बैलगाडीला कंदिलाशेजारी टांगलेला असायचा. मी शाळेत भूगोल शिकवायचो आणि आठवड्यातून एकदा रेडिओवर घरजावई व्हायचो. त्यामुळे मोसमी वारे शिकवताना मागच्या बाकावरून "जावईबापू" असा आवाज यायचा, आणि मी वाऱ्यांचा वेग वाढवायचो.

'लेखकसाब' हे नाव रेडिओच्या चपराशाने पाडलं. तो सगळ्यांनाच साब म्हणायचा, पण हे एकच नाव चिकटलं.

कार्यक्रमाचे साहेब पुण्याकडून आले होते. हास्यरसावरची दोन जाड इंग्रजी पुस्तकं त्यांच्या टेबलावर असायची. साहेबांना हसताना मात्र कुणी पाहिलं नव्हतं. त्यांचा सिद्धांत होता, की सगळा विनोद गैरसमजावर उभा असतो आणि गैरसमज शेवटच्या मिनिटापर्यंत टिकवला पाहिजे.

"टिकत न्हाई साहेब," लेखकसाब म्हणायचे. "नाना पुडकं घिऊन घरात शिरले. बायकोला वाटलं, दुसरीसाठी लुगडं आनलंय. बरं. आता ती काय करंल?"

"संशय घेईल. लपून पाहील."

"इचारंल की हो! 'काय आनलंय' म्हनंल. तिनं न्हाई इचारलं तर शेजारीन इचारंल. शेजारनीच्या आधी गल्लीतल्या धा जनांनी इचारलं आसंल. नाना घरी पोचायच्या आत बायकोला ठाव आसतंय, की पुडक्यात कडब्याची दोरी हाय. दुसऱ्या मिनटाला गोष्ट संपली. आता उरलेली तेरा मिनटं लस टोचू काय?"

साहेब म्हणाले, लेखकात प्रतिभा असेल तर टिकतो. लेखकसाब म्हणाले, प्रयोग करून बघू.

पुढल्या रविवारी त्यांनी सुताराकडून एक नवा पाळणा मागून आणला. त्यांचा मुलगा तेव्हा कॉलेजात होता, आणि त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, केसांत पांढऱ्या बटा दिसायला लागल्या होत्या. अशा माणसाने भर बाजारातून डोक्यावर पाळणा घेऊन जायचं, कुणालाही उत्तर द्यायचं नाही आणि गैरसमज कुठवर टिकतो ते पाहायचं, असा बेत होता. साक्षीदार म्हणून पाळण्याच्या दोऱ्या धरून मी मागे.

"कुणाला वो पाळना?" पहिल्या दुकानातून आवाज आला. लेखकसाब गप्प.

"मास्तर, कुणाला?" मीही गप्प.

तिसऱ्या दुकानापाशी लोक आमच्याबरोबर चालायला लागले. एकाने लेखकसाबांची तब्येत बिघडली का म्हणून मला विचारलं. मग एक सायकलवाला मागून आला, आम्हाला ओलांडून पुढे गेला, आणि जाता जाता गर्दीला ओरडून म्हणाला, "काय न्हाई, सुताराला इचारून आलोय! रेडिओचं काम हाय!" गर्दी पांगली. घराच्या दारात वहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"झालं का नाटक? पाळना नेऊन द्या मागारी. सुताराकडं त्याचं गिऱ्हाइक यून बसलंय."

"बघा," पाळण्याखालून लेखकसाब मला म्हणाले. आवाजात दुःख होतं, पण थोडा अभिमानही होता.

तेव्हापासून त्यांचा सगळा जीव एकाच गोष्टीत अडकला: न विचारणारं माणूस कुठून आणायचं? एका भागात जावयाच्या तोंडात तंबाखूचा तोबरा घातला. तोबरा भरलेला माणूस फक्त "हूं हूं" करतो आणि त्याचा अर्थ ज्याला जसा हवा तसा लावता येतो. साहेबांनी आरोग्याचं कारण काढून तंबाखूऐवजी गूळ-शेंगदाणे घ्यायला लावले आणि भुईमुगाच्या लागवडीचा संदेश वर जोडला. मी माईकसमोर खरोखर गूळ-शेंगदाणे कोंबून ती भूमिका केली. गैरसमज चार मिनिटं टिकला. मग मला ठसका लागला. पुढे जिंतूरच्या एसटी स्टँडवर एका अनोळखी बाईंनी आवाजावरून मला ओळखलं आणि थांबवून विचारलं, "आता दातं बरी हायेत का?"

साहेबांनी सुचवलं, घरात एक बहिरी म्हातारी घाला. लेखकसाब पहिल्यांदाच साहेबांशी कडक बोलले.

"माझी माय शेवटी शेवटी बहिरी झालती. तिला कुनी हसलं न्हाई. समदे परत सांगायचे. आमच्या गावात परत सांगत्यात साहेब."

त्यांचं गाव चुडावा. पूर्णेच्या पुढचं. या गावाचं त्यांच्या लेखनात विचित्र स्थान होतं. प्रत्येक भागात कुणीतरी चुडाव्याला गेलेलं असायचं, चुडाव्याहून आलेलं असायचं किंवा चुडाव्याची वांगी कशी गोड असतात हे सांगायचं. साहेब म्हणाले, जिंतूर घ्या, ते तालुक्याचं ठिकाण आहे. लेखकसाब म्हणाले, "चुडावा माईकवर नीट बसतो." मी स्वतः माईकवर दोन्ही नावं म्हणून पाहिली. मला काही फरक वाटला नाही.

खरं कारण वहिनींनी सांगितलं. त्या ओसरीवर ज्वारी पाखडत होत्या आणि लेखकसाब आत कोरे कागद घेऊन बसले होते. साहेबांचे वरचे साहेब येणार म्हणून निमंत्रितांसमोर मालिकेचा अर्ध्या तासाचा खास भाग करायचा ठरला होता. लोक हसले तर मालिका चालू राहणार होती. नाहीतर ती वेळ 'ग्रामविकास : एक चिंतन' या भाषणमालेला जाणार होती, आणि चिंतन स्वतः साहेब करणार होते.

"पंधरा मिनटं भरता भरता जीव जातो, आन आता अर्धा तास," वहिनी म्हणाल्या. "आन हे बंद पडलं ना मास्तर, तर दादाशी ह्यांचं बोलनं बंद व्हतंय."

"कुठल्या दादाशी?"

तेव्हा मला कळलं. लेखकसाबांचे थोरले भाऊ चुडाव्याला होते. रेल्वेच्या तुकडीत रूळ दुरुस्त करायचे. बाप लवकर गेला, दादांनी घण मारून धाकट्याला मॅट्रिक केलं. दादांच्या मुलीचं लग्न निघालं, तेव्हा धाकटा पंधरवडाभर आधी जाऊन राबला. विहारासमोर मांडव पडला, वंदना झाली, लग्न लागलं. मुहूर्ताची भानगड नव्हती, त्यामुळे भाषणांना मुदतही नव्हती. शेवटी दादा स्वतः आभार मानायला माईकपाशी उभे राहिले. सरपंचांचे मानले, हेडमास्तरांचे मानले, आचाऱ्याचे, मांडववाल्याचे, गाड्या जुंपणाऱ्यांचे, लाउडस्पीकरची बॅटरी पूर्णेहून आणणाऱ्याचेही मानले. धाकट्या भावाचं नाव घेतलं नाही. आणि खाली बसले.

"हे उठले, पायतानं घातली आन निघाले ठेसनाकडं. मी मागनं ट्रंक घिऊन. फलाटावर बसलाव. मला म्हनले, 'बस, दादा येतोच समजूत काढाया.'"

आमच्याकडे रुसलेल्याला आणायला जातात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. रुसलेल्याने दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा उठायचं. इतकी साधी रीत आहे. आणि पॅसेंजर तर कधीच वेळेवर यायची नाही, म्हणजे समजुतीला वेळ भरपूर होता.

"आन त्या दिशी मेली गाडी टायमावर आली," वहिनी म्हणाल्या. "फलाटावर अर्धं गाव. समदे ह्यांच्याकडं बघायलेत. गाडी सोडली तर लोक म्हनतील, 'रुसला पर गेला न्हाई.' मंग काय, चढलाव. तवापासून इकडनं तिकडं कुनी न्हाई, तिकडनं इकडं कुनी न्हाई. गावची मानसं सांगत्यात, रेडिओ लागला की दादा चावडीवर यून बसतो. हसत न्हाई. ऐकतो आन उठून जातो."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गुरांच्या दवाखान्यात गेलो. मागे खोड्यात अडकवलेला एक बैल हंबरत होता, लेखकसाब टेबलाशी बसले होते. मी म्हणालो, "लेखकसाब, दादांनी नाव का घेतलं नाही, हे तुम्ही कधी विचारलं का नाही?"

त्यांचाच प्रश्न होता. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या खिशात हात घातला होता.

"रुसलेल्यानं इचारायचं नसतंय, मास्तर," ते हळू म्हणाले. "इचारलं की रुसवा मोडला."

मागचा बैल हंबरायचा थांबला. मग कपाळावरचा चष्मा घसरून आपोआप नाकावर आला.

"मास्तर," ते म्हणाले, "सापडला की वो! आपल्याकडं न इचारनारा मानूस सापडला. त्यो इचारत न्हाई, आन दुसऱ्यानं इचारलं तर 'काय न्हाई' म्हनतो. ह्याच्यावर अर्धा तास काय, जलम निघतो!"

लिहायला बसले तेव्हा मात्र नवी अडचण आली. रुसलेला भाऊ नुसता बाकावर अर्धा तास बसवला तर श्रोते झोपतील. दुसरी बाजू पाहिजे. म्हणून त्यांनी थोरल्या भावाला समजूत काढायला घराबाहेर काढलं. मी विचारलं, दादा खरंच निघाले होते का.

"कशाचं निघतोय. निघाला आसता तर पोचला आसता. ठेसन काय लांब हाय? पन नाटकात निघू द्या. गोष्टीला त्याची गरज हाय."

आणि नाटकातला थोरला निघाला. पहिल्या दारातून आवाज आला, "कुठं चाललाव?" तो सज्जन. उत्तर न देता पुढे जाणं त्याच्या रक्तात नाही. थांबून सगळं सांगितलं. त्या घरी चहा झाला. दुसऱ्या दारात म्हणाले, समजूत काढायला रिकाम्या हाताने? म्हणून तो बुंदी आणायला माघारी गेला. तिसऱ्या दारात म्हणाले, बोडक्याने? म्हणून टोपीसाठी पुन्हा माघारी. चौथ्या दारात दोघी सख्ख्या जावांचं भांडण चालू होतं. समजूत काढायला निघालेला माणूस आयताच सापडला म्हणून त्यांनी त्याला आत ओढला. शेवटी टोपी, बुंदी आणि अर्धं गाव घेऊन तो स्टेशनात शिरतो, तेव्हा गाडीचा शेवटचा डबा दिसतो. आणि बाकावर बसलेला धाकटा सगळा वेळ येणाऱ्या-जाणाऱ्याला "काय न्हाई, बसलोय" म्हणत गाडीला विनवतो, की बाई, आज तरी उशिरा ये.

धाकट्याची भूमिका मी केली. लोक असे हसले, की मला माझी वाक्यं गिळावी लागली. वरचे साहेब डोळे पुसत होते. आमच्या साहेबांनी आधी त्यांच्याकडे पाहून खात्री करून घेतली आणि मग तेही हसले.

नंतर आभाराचा कार्यक्रम झाला. साहेबांनी वरच्या साहेबांचे आभार मानले, त्यांच्या सौभाग्यवतींचे मानले, हारवाल्याचे, सतरंजीवाल्याचे, माझ्या ठसक्याचेसुद्धा मानले. लेखकाचं नाव राहिलं. कुणीतरी खालून आठवण करून दिली तर म्हणाले, "ते काय, आपले घरचेच आहेत."

मागच्या रांगेतून लेखकसाब उठले आणि दाराकडे निघाले. मी व्यासपीठावरून उडी मारली, अनवाणी धावत जाऊन अंगणात त्यांचा हात धरला. "लेखकसाब, रुसू नका, चला आत."

"मास्तर," ते म्हणाले, "लघवीला चाललोय. हात सोडा."

मी हात सोडला. दोन पावलं जाऊन ते थांबले. "घरचेच," स्वतःशीच म्हणाले. "आसंच म्हनला आसंल का वो दादा?" आणि अंधारात निघून गेले.

तो भाग रेडिओवर लागला, त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी त्यांच्याकडेच होतो. दारात एक उंच, वाळका म्हातारा उभा राहिला. पांढरी टोपी, हाताचे तळवे लाकडाच्या फळ्यांसारखे. ना जयभीम, ना रामराम.

"तुला कुनी सांगितलं?"

लेखकसाब उभे राहिले. "काय, दादा?"

"म्या निघालतो ते."

"कुनी न्हाई. मनानं लिव्हलं."

"मनानं?" दादा भडकले. "टोपी मनानं? दोघी जावा मनानं? गावात कुनी फितूर झाल्याबिगर येवढं कळत न्हाई. आन लिव्हायचं तर खरं तरी लिवावं मानसानं. म्या च्या न्हाई पेलो, निस्तं पानी पेलो. आन बुंदी नव्हती, शेव व्हती. बुंदी कवाच संपलती!"

परभणी जिल्ह्यातल्या एका घरात एवढी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली.

"दादा, तू निघालतास?"

"मंग? आभार काय घरच्याचे मानत्यात व्हय? येवढंच सांगायला निघालतो. ठेसनात आलो तर गाडी गेलती. म्हनलं, ह्याला थांबायचंच नव्हतं."

"मग इतकी वर्सं इचारलं का न्हाई?"

"तू का न्हाई इचारलास?"

"म्या रुसलतो."

"मंग म्या काय येगळं करायलतो?"

लेखकसाबांचा चष्मा कपाळावर नव्हता, नाकावर होता, तरी त्यांना समोरचं दिसत नसावं. त्यांनी हात पुढे केला तो दादांऐवजी दाराच्या चौकटीला लागला. "पन दादा," ते म्हणाले, "त्या दिशी गाडी टायमावर कशी आली?"

दादा पहिल्यांदाच जरा सैल झाले. टोपी नीट केली.

"आदल्या हप्त्यात आमच्या तुकडीनं समदा रूळ नीट केल्ता," ते म्हणाले. "येईल न्हाई तर काय!"

स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला. त्या हसत होत्या की रडत होत्या, ते मी विचारायला गेलो नाही.

त्यानंतर लेखकसाबांनी आणखी दोन-तीन भाग लिहिले. कुणी हसलं नाही. त्यांत चुडावा नव्हता. "आता समदे इचारायलेत मास्तर," ते म्हणाले, "गोष्ट उभी ऱ्हाईना." आणि त्यांनी स्वतःच लिहिणं थांबवलं. त्या वेळेवर साहेबांचं चिंतन सुरू झालं. काही श्रोत्यांना ते आधीच्या मालिकेपेक्षा विनोदी वाटलं.

नोकरी संपल्यावर लेखकसाब चुडाव्याला राहायला गेले. माझी मुलगी नांदेडला दिलेली, त्यामुळे त्या गाडीने माझं जाणं-येणं असायचं. चुडाव्याला गाडी थांबली की फलाटावरच्या त्याच बाकावर दोघे भाऊ बसलेले दिसायचे. कुठे जायचं नसायचं. गाडी किती उशिरा आली, यावर दोघांचा वाद चाललेला असायचा, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांना विचारायचा, "कुठं चाललाव?" दोघे एकदम म्हणायचे, "काय न्हाई, बसलाव!" आणि खिडकीतल्या मला पाहून लेखकसाब चष्मा वर सरकवायचे.

मागे एकदा गाडी थांबली तेव्हा बाकावर दादा एकटेच होते. एका कडेला सरकून बसलेले, शेजारी एका माणसाची जागा ठेवून. फलाटावर गर्दी होती. लोक त्यांच्या पुढून जात होते, पण त्यांना कुणी काही विचारत नव्हतं.

त्यांनी मला ओळखलं. उठून खिडकीशी आले.

"कुठं चाललाव, मास्तर?"

मी सगळं सांगितलं. मुलगी कुठे राहते, नातवाला ताप कसा आला होता, आता कसा उतरला, जावयाची बदली कुठे होणार आहे. ते मान हलवत ऐकत होते. गाडी हलली तरी मी सांगतच होतो, आणि ते गजाला हात लावून चार पावलं बरोबर चालले.

मी मात्र त्यांना काही विचारलं नाही.